शंभर माणसांचा किल्ला आणि एक खोटं पत्र

तुमचा प्रश्न असा की नेपोलियनच्या काळात किल्ल्यातली लहानशी शिबंदी शरण जायची ती नेमकी कशामुळे? दारूगोळा संपला म्हणून, उपासमारीने, की घाबरून? तिन्ही कारणं असत. पण मला सगळ्यात जास्त आवडणारं उदाहरण या तिन्हींत बसत नाही. ते आहे स्पेनमधल्या मोन्सोनचं.

जून १८१३ मध्ये इंग्रज सेनापती वेलिंग्टनने (१८०३ साली अहमदनगर घेणारा वेलस्ली तो हाच) व्हितोरियाला फ्रेंचांना धूळ चारली. त्यामुळे स्पेनच्या पूर्वेकडे असलेल्या फ्रेंच मार्शल सूशेला व्हॅलेन्सिया सोडून मागे सरकावं लागलं. जाताना त्याने लेरिदा, मेकिनेन्सा, तोर्तोसा अशा किल्ल्यांत माणसं ठेवली. उद्या परत यायचं तर किल्ले हातात हवेत, हा हिशोब. तो परत आलाच नाही.

मोन्सोन हा त्यातला अगदी किरकोळ किल्ला. सिंका नदीकाठच्या टेकाडावरचा, एके काळी टेम्प्लर सरदारांचा. आत शंभराच्या आसपास माणसं, त्यातले बहुतेक जॉंदार्म, म्हणजे एरवी रस्त्यांवर बंदोबस्त ठेवणारे शिपाई. सप्टेंबर १८१३ अखेर एस्पोस इ मिनाच्या स्पॅनिश फौजेने वेढा घातला. संख्येने ती कित्येक पट होती, पण तोफांच्या जोरावर तट पाडणं काही जमेना. मग त्यांनी सुरुंग खणायला घेतले.

आता आत होता सँ-जाक नावाचा एक पीडमाँटचा (उत्तर इटलीतला) माणूस, इंजिनियर दलातला, हुद्द्याने अगदी लहान. वरच्या अधिकाऱ्यांनी शहाणपणा करून सूत्रं त्याच्याच हाती दिली. बाहेरच्यांनी भुयार खणत आणलं की हा आतून त्याच्या दिशेने दुसरं भुयार खणायचा आणि बेताची दारू उडवून समोरचं भुयार बसवायचा. दारू बेताचीच हवी, कारण जास्त झाली तर आपलाच तट कोसळतो. अंधारात कान जमिनीला लावून कुदळीचा आवाज कुठून येतोय ते ओळखायचं, हेच त्या लढाईचं मुख्य काम. असे साडेचार महिने गेले.

एवढं करून किल्ला पडला तो कागदाने. सूशेच्या कचेरीत हुआन फान हालेन नावाचा स्पॅनिश अधिकारी होता. आधी जोसेफ बोनापार्टच्या, म्हणजे नेपोलियनने स्पेनच्या गादीवर बसवलेल्या भावाच्या, नोकरीत गेलेला. वारं फिरलेलं पाहून तो सूशेची सांकेतिक लिपी घेऊन पळाला आणि स्पॅनिश सेनानी बॅरन एरोलेसला जाऊन मिळाला. मग सूशेच्या नावाने हुकूम तयार झाले: तह झालाय, किल्ला खाली करा, हत्यारांसकट माझ्याकडे या. फेब्रुवारी १८१४ मध्ये लेरिदा आणि मेकिनेन्साचे किल्लेदार यावर विश्वासून बाहेर पडले.

मोन्सोनवाले मात्र हुशार निघाले. ते म्हणाले, आमचा माणूस लेरिदाला जाऊन बघून येईल, मगच बोलू. माणूस गेला. बघतो तर लेरिदात खरंच स्पॅनिश बसलेले! खोटं पत्र तोवर खरं झालं होतं. परत येऊन त्याने सांगितलं आणि शिबंदीने किल्ला सोडला. मला विचाराल तर यात त्यांची चूक काहीच नव्हती. यापेक्षा जास्त खातरजमा कोण करणार?

पुढे मार्तोरेलच्या घाटात तिन्ही किल्ल्यांची माणसं चारी बाजूंनी घेरली गेली आणि त्यांना हत्यारं खाली ठेवायला लावलं. युद्धात फसवाफसवी चालायचीच, पण हत्यारांसकट जाऊ देऊ असा शब्द देऊन असं करणं मला तरी खटकतं. त्या काळी शरणागतीच्या अटींना मान होता. अहमदनगरच्या किल्लेदाराने १२ ऑगस्ट १८०३ ला किल्ला दिला तो जीव आणि खाजगी चीजवस्तू सुरक्षित राहील या कौलावर, आणि तो पाळला गेला.

तोर्तोसाच्या किल्लेदाराला, जनरल रोबेरला, मात्र संशय आला. त्याने दरवाजा उघडला नाही. एप्रिलमध्ये नेपोलियनने गादी सोडली तेव्हाही तोर्तोसा फ्रेंचांकडेच होतं.