सभासदांच्या विस्कळीत यादीतून योग्य ईमेल पत्ते कसे निवडावेत?

साताऱ्यातील आपल्या पतसंस्थेच्या यादीत ईमेलच्या रकान्यातच नावे, मोबाईल क्रमांक आणि कधी दोन-दोन पत्ते एकत्र पडले आहेत, तर त्यांतून योग्य पत्ते कसे निवडावेत, असे आपण विचारले आहे. सांगलीत अशीच एक यादी मी निस्तरली आहे. कागदी अर्जांवरून तिघांनी तीन तऱ्हांनी ती टंकली होती आणि एका चौकटीत तर नुसते 'मुलाच्या मेलवर पाठवणे' असे लिहिले होते.

माझी चूक अशी झाली की, शेवटच्या टिंबानंतर दोन ते चारच अक्षरे असावीत, असा कडक नियम मी आधीच लावला आणि 'डॉट ऑनलाइन'ने संपणारे चांगले पत्ते त्यात बाद झाले. म्हणून मूळ रकान्याला हात न लावता शेजारी नवा रकाना घ्यावा, @ च्या दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जागा आधी मिटवाव्यात, मग स्वल्पविराम, तिरकी रेघ, कंस आणि उरलेल्या मोकळ्या जागा यांवर मजकूर तोडावा आणि ज्या तुकड्यात @ एकदाच असून त्याच्या पलीकडे निदान एक टिंब आहे, तेवढाच उचलावा. @ च्या अलीकडे ६४ पेक्षा जास्त अक्षरे किंवा लागोपाठ दोन टिंबे दिसल्यास तो पत्ता बाजूला काढावा. अधिकचे चिन्ह मात्र चालते.

सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो न दिसणाऱ्या जागेने. वेबपानावरून चिकटवलेल्या मजकुरात १६० या अक्षर-क्रमांकाची, साध्या जागेसारखीच दिसणारी मोकळी जागा येते आणि ती एक्सेलच्या जादा जागा काढणाऱ्या 'ट्रिम' सूत्राला जुमानत नाही. एका अक्षराच्या जागी दुसरे घालणारे 'सब्स्टिट्यूट' सूत्र वापरून ती वेगळी काढावी लागते. दोन पत्ते हुबेहूब एकसारखे दिसत असूनही एकाची लांबी एका अक्षराने जास्त भरली, तेव्हा कुठे मला हे उमगले.

'जीमेल डॉट कॉन' म्हणजे 'कॉम'च असणार हे उघड आहे, तरी मी ते परस्पर दुरुस्त करीत नाही, फक्त खूण करून ठेवतो. @ च्या अलीकडचे एखादे अक्षर चुकले, तर पत्ता सर्व नियमांत बसूनही भलत्याचाच असू शकतो आणि खातेउतारा परक्याच्या हाती पडतो. त्यामुळे प्रत्येक पत्त्यावर पुष्टीचा दुवा पाठवावा आणि ज्यांनी तो उघडून होकार दिला, तेवढेच पत्ते पक्के धरावेत. उरलेल्यांची यादी छापून पिग्मी एजंटांकडे द्यावी; ते रोज सभासदांच्या दुकानांत जातातच, आणि 'मुलाच्या मेलवर' म्हणजे नेमका कोणता मेल, हेही तेच विचारून आणतील.