तिकीट काढण्याआधी

प्रिय पोरी,

काल रात्री पाठवलेला तुझा स्क्रीनशॉट सकाळी पाहिला. वर लाल अक्षरांत ‘या भावात फक्त २ जागा शिल्लक’, आणि खाली तुझा प्रश्न: ‘मॅडम, घेऊन टाकू का?’

घेऊ नकोस. निदान आज तरी घेऊ नकोस. आधी हे पत्र वाच, मग तोच स्क्रीनशॉट पुन्हा उघड आणि काय करायचं ते तूच ठरव.

त्या दोन जागांपासून सुरुवात करते, कारण तिथेच माणूस घाबरतो आणि घाईघाईने पैसे भरतो. विमानातल्या सगळ्या खुर्च्या एका भावाने विकत नाहीत. एकाच वर्गातल्या, अगदी शेजारशेजारच्या खुर्च्याही कंपनी वेगवेगळ्या भावांच्या कप्प्यांत टाकते. स्वस्तातला कप्पा संपला की शोधणाऱ्याला त्याच्या वरचा, महागडा कप्पा दिसू लागतो. म्हणजे ‘२ जागा’ हे खोटंच असेल असं नाही, पण विमान भरत आलंय असाही त्याचा अर्थ नाही. त्या कप्प्यात दोन उरल्यात, एवढंच. विक्री मंदावली की कंपनी बंद केलेला कप्पा पुन्हा उघडतेही. तुम्ही मुलं म्हणता ना, की एकच प्रवास दोनदा शोधला तर भाव वाढतो, म्हणून ब्राउझरच्या खासगी (इन्कॉग्निटो) खिडकीत शोधायचं? तशी खिडकी उघडायला माझी ना नाही, पण मला त्यात कधी फरक दिसला नाही. तेवढ्या वेळात कुणीतरी कप्प्यातलं शेवटचं तिकीट उचललेलं असतं, हे त्याचं जास्त साधं उत्तर आहे.

हे कप्प्यांचं गणित कळलं की एक गोष्ट लगेच कामाला येते. तुम्ही चौघी जाणार आहात आणि तू ‘४ प्रवासी’ टाकून शोधलंस. स्वस्त कप्प्यात तीनच जागा असतील, तर यंत्रणा चौघींनाही वरच्या कप्प्याचा भाव लावते, कारण तिला चारही जागा एका कप्प्यातून द्यायच्या असतात. म्हणून आधी एकीसाठी शोध, मग दोघींसाठी, मग चौघींसाठी. एकीचा भाव आणि चौघींचा माणशी भाव यांत फरक दिसला, तर तिकिटं तुकड्यांनी काढ. मात्र तसं केल्यावर तुमची बुकिंग वेगळी झाली हे चौघींना सांगून ठेव. उद्या विमान रद्द झालं तर प्रत्येकीची सोय निराळी लागू शकते.

आता शोधायच्या पद्धतीबद्दल. तू जागा ठरवलीस, तारीख ठरवलीस आणि मग भाव विचारलास. हातात पैसा असणाऱ्याने असं विचारावं. तुझ्याकडे पैसा कमी आहे, पण बारा दिवसांची सुट्टी आहे आणि मंगळवारी निघालीस काय किंवा शुक्रवारी निघालीस काय, तुला फरक पडत नाही. ही केवढी मोठी चैन आहे हे नोकरी लागल्यावर कळेल. म्हणून प्रश्न उलटा विचार. स्कायस्कॅनर या भाव शोधायच्या साइटवर जाण्याच्या ठिकाणी ‘कुठेही’ टाकता येतं, तारखेच्या जागी अख्खा महिना टाकता येतो. गूगल फ्लाइट्समध्ये तारखेवर टिचकी मारलीस की कॅलेंडरच्या प्रत्येक चौकोनात त्या दिवसाचा भाव दिसतो. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेतल्या मंडळींनी १९९६ साली आयटीए सॉफ्टवेअर नावाची कंपनी काढली होती, तिकिटांच्या भावांचं हे किचकट गणित वेगाने सोडवण्यासाठी. ती २०११ साली गूगलने घेतली आणि त्याच वर्षी गूगल फ्लाइट्स सुरू झालं. एवढं मोठं गणित फुकट करून मिळतंय आणि आपण त्याला एकाच तारखेचा भाव विचारून परत येतो, याचं मला खरंच वाईट वाटतं. दोन दिवस मागेपुढे सरकून बघ. आणि तिकीट कोणत्या वारी काढावं या चर्चेत वेळ घालवू नकोस. निघतेस कोणत्या वारी, त्याने भाव हलतो.

स्वस्त तिकीट सापडलं की विमानतळाचं नाव नीट वाच. लंडनला, पॅरिसला एकाहून जास्त विमानतळ आहेत आणि शोधताना शहराचं नाव टाकलं की सगळे एकत्र दिसतात. पॅरिस-बोव्हे विमानतळाच्या नावात पॅरिस आहे, पण तो शहरापासून ८० किलोमीटरहून लांब आहे. फ्रँकफर्ट-हान तर फ्रँकफर्टपासून सुमारे १२० किलोमीटर. मग बसचं भाडं आलं, बस चुकली तर टॅक्सी आली, रात्री उशिरा उतरलीस तर एका रात्रीची खोली आली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होतो तो असा.

तुझ्या स्क्रीनशॉटमध्ये उतरायची वेळ रात्री ११.४० आहे. ती तू पाहिलीस का? त्याच्या कोपऱ्यात बारीक ‘+१’ आहे, तो पाहिलास का? म्हणजे तू दुसऱ्या दिवशी पोचतेस आणि तुझ्या बारा दिवसांतला एक प्रवासातच गेला. तिकिटावरच्या वेळा नेहमी त्या त्या ठिकाणच्या स्थानिक असतात, हेही लक्षात ठेव.

त्याच चित्रात मधल्या थांब्याशी आणखी एक ओळ आहे: ‘स्वतः बदल करा’. ही ओळ मला सगळ्यात जास्त खुपली. याचा अर्थ ही दोन वेगळी तिकिटं आहेत, वेबसाइटने फक्त शेजारी मांडलेली. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. सामानही बहुतेक वेळा तूच पट्ट्यावरून उचलून पुन्हा द्यायचं, आणि त्यासाठी त्या देशात शिरावं लागलं तर व्हिसाही लागू शकतो. मी विद्यार्थिनी असताना असं तिकीट काढलं होतं. पहिलं विमान दोन तास उशिरा सुटलं. मी धावत दुसऱ्या काउंटरवर पोचले तेव्हा तिथल्या बाई दिवे मालवत होत्या. त्यांनी माझं तिकीट पाहिलं, संगणकात नाव शोधलं आणि शांतपणे म्हणाल्या, ‘तुम्ही आला नाहीत असं इथे लिहिलंय.’ मी समोर उभी होते. नवीन तिकिटाला जेवढे पैसे गेले तेवढ्यात सबंध प्रवास सरळ, एका तिकिटावर झाला असता. अशी तिकिटं वाईटच असतात असं नाही. पण मध्ये एक रात्र सोडता येत असेल आणि ते गाव बघायची इच्छा असेल, तरच काढावीत.

म्हणून एक तक्ता कर. फोनवर कर किंवा वहीत, पण कर. प्रत्येक पर्यायाची एक ओळ आणि त्यात घराच्या दारापासून मुक्कामाच्या दारापर्यंतचा सगळा खर्च: विमानतळापर्यंत जाणं, तिकीट, बॅगेचे पैसे, उतरल्यावरची बस, आडवेळी उतरलीस तर खोली. शेवटच्या रकान्यात एकूण तास. तुझ्या स्क्रीनशॉटमधलं तिकीट या तक्त्यात पहिलं राहील असं मला वाटत नाही. रोम-टू-रिओ नावाच्या साइटवर दोन गावं टाकलीस तर रेल्वे, बस, बोट असे सगळे मार्ग शेजारी दिसतात. वेळा आणि भाव मात्र त्या त्या कंपनीकडेच तपास. रेल्वेचा विचार असेल तर ‘सीट ६१’ उघड. मार्क स्मिथ या ब्रिटिश रेल्वेतल्या माणसाने २००१ साली सुरू केलेली ती साइट आहे आणि कोणती गाडी कुठे बदलायची हे ती मोठ्या मायेने सांगते. रात्रीची गाडी मिळाली तर मुक्कामाची एक रात्र वाचते.

शोध कुठेही घे, पण पैसे शक्यतो थेट विमान कंपनीच्या साइटवर भर. मधल्या दलालाकडे थोडं स्वस्त दिसतं, पण गडबड झाली की दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. अमेरिकेला जाणाऱ्या किंवा तिथून निघणाऱ्या प्रवासासाठी एक नियम माहीत असू दे: प्रवासाला सात दिवस किंवा जास्त बाकी असतील, तर कंपनीला २४ तास तिकीट धरून ठेवण्याची किंवा बिनदंड रद्द करण्याची सोय द्यावी लागते. तीही थेट कंपनीकडून घेतलेल्या तिकिटाला.

आता मुक्काम. यावर थोडं लांबण लावते, कारण पैशाइतकाच इथे जिवाचा प्रश्न आहे.

१९०९ साली जर्मनीत रिचर्ड शिरमान नावाचे एक शिक्षक मुलांना घेऊन पायी सहलीला निघाले होते. वादळी पावसात सापडले आणि एका गावच्या शाळेत रात्र काढली. सुट्टीत अशा किती शाळा रिकाम्या पडून असतात, मुलांना चालून जाता येईल अशा अंतरावर निजायची सोय का नसावी, हा विचार त्यांना त्या रात्री सुचला. १९१२ साली आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमचं यूथ हॉस्टेल उभं राहिलं. तू ॲपवर आठ खाटांच्या खोलीतली एक खाट बुक करशील, तेव्हा ती एका शिक्षकाने विद्यार्थ्यांसाठी केलेल्या सोयीतून आली आहे, हे तुला माहीत असावं असं मला वाटतं.

खाट निवडताना एकूण गुण बघून थांबू नकोस. अभिप्राय नव्यापासून जुन्याकडे लाव आणि मधले वाच. पाचातले पाच देणारा खुशीत असतो, एक देणारा रागात असतो; तीन देणारा माहिती देतो. ‘ढेकूण’, ‘कुलूप’, ‘रात्री’, ‘एकटी’ असे शब्द टाकून शोध. स्वागतकक्ष रात्रभर उघडा असतो का ते पाहा. मग गूगलच्या नकाशात स्टेशनपासून हॉस्टेलपर्यंतचा रस्ता स्ट्रीट व्ह्यूमध्ये, म्हणजे रस्त्याच्या खऱ्या फोटोंत, स्वतः चालून बघ. दुकानं आहेत का, दिवे आहेत का, मध्येच पुलाखालचा बोगदा लागतो का. पाच मिनिटांचं काम आहे. मी आजही करते.

अनोळखी लोकांच्या घरी फुकट राहण्याबद्दल तू विचारलं होतंस. काउचसर्फिंगची गोष्टही विद्यार्थ्यांपासूनच सुरू होते. केसी फेंटन या तरुणाला स्वस्तात आइसलँडचं तिकीट मिळालं आणि राहायला जागा नव्हती, तेव्हा त्याने तिथल्या विद्यापीठातल्या सुमारे १,५०० विद्यार्थ्यांना ईमेल करून ‘राहायला येऊ का?’ असं विचारलं. बऱ्याच जणांनी हो म्हटलं. त्यातून २००४ साली ती साइट आली. २०२० पासून ती अनेक देशांत सभासदांकडून पैसे घेते. स्वयंसेवक चालवतात ती बीवेलकम मात्र मोफत आहे. माझा या लोकांवर विश्वास आहे, असंख्य चांगली माणसं यात आहेत. तरीही तुला अटी घालते. ज्याच्याकडे फक्त एकट्या तरुण मुलीच राहून गेल्या आहेत, त्याच्याकडे जायचं नाही. बायकांनी लिहिलेले अभिप्राय नसतील तर जायचं नाही. आणि हॉस्टेलच्या एका रात्रीचे पैसे कायम बाजूला हवेत, म्हणजे दारात पोचल्यावर मन नाही म्हणालं तर मागे फिरता येईल. यजमानाला वाईट वाटेल याची काळजी त्या वेळी करायची नाही. आणि कुठल्याही साइटवर कुणी ‘पैसे बाहेरून पाठवा, स्वस्तात देतो’ म्हणाला, तर बोलणं तिथेच संपव.

शेतावर किंवा हॉस्टेलात काम करून त्या बदल्यात राहणं-जेवण मिळवायचं, हाही मार्ग आहे. शेतावर अशी सोय लावून देणारी वूफ ही चळवळ १९७१ पासून चालू आहे. पण पगार नसला तरी बरेच देश याला कामच समजतात आणि पर्यटक व्हिसावर ते चालत नाही. आधी त्या देशाच्या सरकारी पानावर वाच.

विद्यार्थी असल्याचा फायदा सोडू नकोस. आयसिक हे आंतरराष्ट्रीय विद्यार्थी ओळखपत्र १९५३ पासून आहे आणि कॉलेजचं कार्ड जिथे कुणाला वाचता येत नाही तिथे ते उपयोगी पडतं. युरोपातल्या इंटररेल आणि युरेल या रेल्वे पासांत २७ वर्षांपर्यंत तरुणांचा दर मिळतो. सवलतीच्या अटी शब्दन् शब्द वाचाव्यात. लूव्र संग्रहालयात युरोपीय आर्थिक क्षेत्रात ‘राहणाऱ्या’ २६ वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत आहे. नागरिक असायची गरज नाही, म्हणजे तिथे शिकायला गेलेली तुझी मैत्रीण फुकट जाऊ शकते. तिला कळव.

परदेशात एटीएम किंवा कार्डाचं यंत्र ‘तुमच्या चलनात पैसे घेऊ का?’ असं विचारतं. प्रत्येक वेळी नाही म्हण आणि तिथलं चलन निवड. यंत्राचा दर जवळजवळ नेहमीच महाग पडतो. निघण्याआधी नकाशा फोनमध्ये उतरवून ठेव. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या नकाशावर चालणारं ऑरगॅनिक मॅप्स हे ॲप नेटशिवाय चालतं. विकिव्हॉयेज या मोफत प्रवास-मार्गदर्शक साइटवरचं त्या शहराचं पानही साठवून घे.

दोन ठिकाणी मी तुला काटकसर करू देणार नाही. एक, प्रवास विमा. दुसरं, पहिल्या रात्रीची खाट: ती आधीच पैसे भरून पक्की केलेली असावी आणि तिचा पत्ता कागदावर लिहिलेला असावा, कारण फोन नेमका त्याच रात्री बंद पडतो.

आता तो स्क्रीनशॉट उघड आणि तक्ता करायला घे. किमान तीन पर्याय हवेत, त्यातला एक रेल्वेचा किंवा बसचा. रविवारपर्यंत मला पाठव. मी संध्याकाळी मोकळी आहे, फोनवर दोघी मिळून एकेक ओळ बघू. आणि पासपोर्टवर तुझं नाव कोणत्या स्पेलिंगने आहे त्याचा फोटोही जोड, तिकिटावर तेच लागेल.

तुझी,
मॅडम