शेवटी-शेवटी बटणवरून मिनिमम रेज आला की बिग ब्लाइंड सोडायचा का?

तुम्ही लिहिलंय की पोकरच्या छोट्या बाय-इनच्या, म्हणजे कमी प्रवेश-फीच्या, टूर्नामेंटमध्ये तुम्ही शेवटच्या दोन टेबलांपर्यंत येता आणि तिथे झिजत जाता. बटणवाला, म्हणजे डीलरच्या जागेवरचा, दर फेरीला बिग ब्लाइंडच्या दुप्पट करतो, हाच मिनिमम रेज (ब्लाइंड म्हणजे बटणच्या डावीकडच्या दोघांनी पत्ते बघण्याआधी घालायच्या चिप्स, पहिला स्मॉल, दुसरा बिग), तुमच्याकडे नव्वी-छक्की, दश्शी-सत्ती असलं काहीतरी असतं, तुम्ही पत्ते टाकता, आणि तासाभरात वीस बिग ब्लाइंडइतक्या चिप्स आठवर येतात. वर स्मॉल ब्लाइंडवरून काय करावं, हेही विचारलंय.

मी नागपूरचा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला आणि पैशाचं ऑनलाइन पोकर बंद झालं. तेव्हापासून आम्ही आठ-नऊ जण रविवारी त्रिमूर्ती नगरात एकाच्या घरी बसतो. पैसे नाहीत, फक्त चिप्स, आणि पहिला बाहेर जाणारा सगळ्यांसाठी तर्री-पोहे आणतो. वर्षातून एकदा गोव्याला जाऊन लहान बाय-इनची एखादी टूर्नामेंट खेळतो. म्हणजे मी काही मोठा खेळाडू नाही, पण तुमचा आजार मला दोन वर्षं होता. आमच्या टेबलावरचा एक जण मला दर वेळी म्हणायचा, "काहून बे, फुकटात देऊन राहिला?" बरोबरच होतं त्याचं.

आपण आधी पत्ते बघतो आणि भाव नंतर, कित्येकदा बघतच नाही. बर्डीच्या बाजारात शर्ट घेताना असं करतो का?

भाव काढू. ब्लाइंड ५००-१,०००, बिग ब्लाइंडवाल्याचा अँटी, म्हणजे ब्लाइंडखेरीज दर डावाला घालायची वर्गणी, १,०००. बटणवाल्याने २,००० केले, स्मॉल ब्लाइंडने पत्ते टाकले. मध्ये ४,५०० पडलेत आणि तुम्हाला घालायचेत फक्त १,०००. म्हणजे ५,५०० च्या पॉटमध्ये तुमचा वाटा १,०००, साधारण १८ टक्के. शंभरातून १८ वेळा पॉट तुमचा झाला तरी हा कॉल, म्हणजे रेजइतके भरून आत राहणं, फिटतो. अँटी नसेल तर २२ टक्के लागतात. अडीचपट रेज असेल तर अँटी धरून २३, तिप्पट असेल तर २७ च्या आसपास. हे चार आकडे पाठ करा, टेबलावर बसून भागाकार करत बसू नका.

आता गंमत बघा. सत्ती-दुर्री, रंग वेगळे, सगळ्यात भिकार हात. तोसुद्धा एक्का-राजासमोर साधारण तीनात एकदा जिंकतो. मग काय, सगळंच खेळायचं? नाही. ते गणित मधले पाचही पत्ते उघडेपर्यंत बसू दिलं तरचं आहे, आणि बसू कोणी देत नाही. फ्लॉपपासून, म्हणजे मध्ये पहिले तीन पत्ते उघडल्यापासून, पुढे दर वेळी आधी बोलायची पाळी तुमची. तो मागे बसून तुमचं बघतो आणि बेट लावतो. म्हणून असे पत्ते हवेत जे फ्लॉपवर पुढे जायला काहीतरी कारण देतात. एका रंगाचे दोन पत्ते बटणच्या मिनिमम रेजला जवळजवळ सगळे कॉल करा. शेजारशेजारचे किंवा मध्ये एकच पत्ता सुटलेले, म्हणजे दश्शी-अठ्ठी, नव्वी-सत्ती, सत्ती-छक्की, वेगळ्या रंगाचे असले तरी. कोणताही एक्का, बरेचसे राजे. गुलाम-तिर्री, नव्वी-दुर्री वेगळ्या रंगात आली तर मात्र निमूट टाका. तुम्ही लिहिलेले दोन्ही हात मी वीस ब्लाइंडवर बिनधास्त कॉल करेन.

हाच रेज सगळ्यांत आधी बोलणाऱ्या पहिल्या-दुसऱ्या सीटवरून आला तर गोष्ट वेगळी. लहान टूर्नामेंटमध्ये पुढून मिनिमम रेज करणारा बऱ्याचदा राजांची नाहीतर एक्क्यांची जोडी घेऊन, कोणीतरी या रे, म्हणत बसलेला असतो. तिथे वेगळ्या रंगाचा कचरा सोडा, एका रंगाचे ठेवा.

पण खरं नुकसान प्रीफ्लॉपला, म्हणजे फ्लॉपच्या आधी, होत नाही. मी भाव शिकलो आणि लगेच दुसऱ्या टोकाला गेलो, त्याचा हा हिशेब.

गोव्यात, दोन जण बाहेर गेले की बक्षिसाचे पैसे सुरू, अशी वेळ. ब्लाइंड १,०००-२,०००, अँटी २,०००. अँटी-ब्लाइंड घालायच्या आधी माझ्याकडे ३८,०००. बटणवर साठीतले एक काका, समोर कोऱ्या चहाचा कप, तीन तासांत एकही ब्लफ दाखवलेला नाही. त्यांनी ४,००० केले. माझ्याकडे बदामचा राजा, चौकटची चौकी. कॉल, पॉट ११,०००. फ्लॉप राजा, नव्वी, पंजी, तिन्ही वेगळ्या रंगाचे. मी चेक (काही न लावता पाळी पुढे), काका ४,०००, मी कॉल. इथपर्यंत चूक नाही. टर्नला, म्हणजे चौथा पत्ता, छक्की. मी चेक, काकांनी कप बाजूला ठेवला आणि ९,००० सारले. मी कॉल. रिव्हरला, म्हणजे पाचवा पत्ता, दुर्री. मी चेक, काका ऑल-इन, म्हणजे सगळ्या चिप्स मध्ये. माझ्याकडे १९,००० उरलेले, मध्ये त्यांचे धरून ५६,०००. मनात म्हटलं, ७५,००० च्या पॉटमध्ये १९,०००, चारात एकदा पुढे असलो तरी पुरे. कॉल. काकांनी राजा-राणी उलटी केली (राजांची जोडी दोघांचीही, पण राणीमुळे ते पुढे) आणि "सॉरी बेटा" म्हणाले.

भावाचं गणित बरोबर होतं. पण हे काका चारात एकदा काय, विसात एकदाही रिव्हरला खोटं बोलणारे नव्हते, आणि ते मला तीन तास दिसत होतं. या पातळीवर बहुतेक लोक फ्लॉपला सवयीने एक बेट लावतात. वेगळ्या किमतीचे दोन पत्ते घेऊन फ्लॉपला जोडी किंवा त्याहून बरं लागायचं प्रमाण ३२ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे बहुतेक वेळा त्यांनाही काही लागलेलं नसतं. म्हणून कोणतीही जोडी असेल तर एकदा कॉल करा. फ्लॉप लहान पत्त्यांचा, सत्ती-पंजी-तिर्री असा आला आणि तुमच्याकडे सिक्वेन्स व्हायला एखादा पत्ता कमी असेल, तर चेक करून त्यांच्या बेटवर रेज मारा. तो फ्लॉप त्यांच्यापेक्षा तुमच्या पत्त्यांना जास्त शोभतो. टर्नला ते चेक करून गप्प झाले तर रिव्हरला पॉट तुम्ही मागा. आणि टर्नला परत मोठं सारलं, तर मधली जोडी किंवा कमजोर राजा टाकून द्या. १,००० मध्ये आत आलात ना, मग १,००० मध्येच बाहेर पडायची तयारी ठेवा.

हे सगळं साधारण पंधरा ब्लाइंडच्या वर. दहाच्या खाली आलात की कॉल करून फ्लॉप बघणं म्हणजे पैशांवर पाणी सोडणं. फ्लॉपला उरतं ते इतकं थोडं की त्याने कोणी घाबरत नाही. तिथे एक्का-अठ्ठी, राजा-राणी, कोणतीही जोडी असली की सरळ ऑल-इन, नाहीतर फोल्ड. पैसे सुरू व्हायच्या तोंडावर मात्र बटणवाल्याकडे तुमच्या दुप्पट चिप्स असतील आणि टेबलावर कोणी तीन ब्लाइंड घेऊन धापा टाकत असेल, तर ही यादी थोडी आवळा. बाहेर जाण्याची किंमत त्या वेळी चिप्स दुप्पट होण्याच्या फायद्यापेक्षा जास्त असते.

राहिला स्मॉल ब्लाइंड. तिथून त्याच मिनिमम रेजला १,५०० घालावे लागतात, ६,००० च्या पॉटमध्ये, म्हणजे २५ टक्के. भाव महाग, शिवाय मागे बिग ब्लाइंडवाला अजून बोलायचाय. तो वर रेज करून तुम्हाला हाकलू शकतो. आणि तो आत आला तर दोघांच्या आधी बोलायचं तुम्ही. मी तिथून क्वचितच नुसता कॉल करतो. चांगले पत्ते असतील तर वर रेज, बारा-पंधरा ब्लाइंड असतील तर ऑल-इन, नाहीतर ते ५०० गेले असं समजतो.