वॉर्डात म्हातारे रुग्ण पडले तर सिस्टरला मेमो द्यावा का?

तुम्ही नव्याने नर्सिंग प्रमुख झाला आहात आणि विचारताय, म्हातारे रुग्ण पडू नयेत म्हणून काय करू, पडले तर मेमो देऊ का. मेमो देऊ नका.

नागपूरच्या धंतोलीतल्या एका दवाखान्यात मी वॉर्ड इन्चार्ज होते. मे महिना, खिडकीला कूलर. रात्री पाइप लावून टाकी भरायचे, ती वाहायची आणि पाणी थेट चार नंबरच्या खाटेखाली. त्या खाटेवरच्या आजींना लघवीची गोळी रात्री नऊला. पहाटे एकट्याच उठल्या, घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. बेल उशाशीच होती. नाइटच्या पोरीने विचारलं तर म्हणाल्या, "तू रातभर धावून रायली होती माय, तुले अजून कायले तरास देऊ?"

दुसऱ्या दिवशी त्या पोरीला निष्काळजीपणाचा मेमो. 28 रुग्णांना ती एकटी होती! मी प्रशासकांना म्हटलं, कूलर तिने बसवला नाही, गोळीची वेळ तिने लिहिली नाही, एकटीची ड्यूटीही तिने लावली नाही. ऐकलं नाही. पुढे तीन महिने रजिस्टरमध्ये पडल्याची एकही नोंद नाही, आणि मीटिंगमध्ये तीच सुधारणा म्हणून दाखवली. रुग्ण पडतच होते, पोरी लिहीत नव्हत्या.

मॉर्स स्केल, म्हणजे रुग्ण पडण्याचा धोका गुणांत मोजायचा तक्ता, तुम्ही भरत असालच. गुण 45 च्या वर गेले की हाताला धोक्याच्या खुणेचा पट्टा बांधायचा आणि फाइल मिटायची, याने कोणी सावरत नाही. ड्यूटी बदलताना खाटेपाशी उभं राहून आज कोण पडू शकतं ते बोला. मावशींना सांगा, झोपण्याआधी स्वतःहून बाथरूमला न्या, बेलची वाट बघू नका. आडवं असताना आणि उभं केल्यावर बीपी घ्या; वरचा आकडा 20 ने उतरला तर डॉक्टरांना लगेच कळवा. नुसत्या रेलिंगच्या भरवशावर राहू नका, भ्रमातला म्हातारा त्यावरूनच चढतो आणि जास्त उंचावरून पडतो. आणि महिन्यातून दोनदा तरी पहाटे चारला स्वतः वॉर्डात जा.

गोळीची वेळ डॉक्टरांना विचारूनच बदला. सगळंच पडणं थांबत नाही, हेही खरं. मुद्दाम केलेली हयगय असेल तर कारवाई करा, पण आधी फरशी बघा.

ती पोर नोकरी सोडून गेली. मेमो तिच्या फाइलीत तसाच राहिला. तो मागे घ्यायला हवा होता, हे मी आजही म्हणते.