वडील गेल्यावर आईला 'मिसेस' लावायचं का?

तुम्ही विचारलंय की आईच्या बँकेच्या फॉर्मवर मिस्टर, मिसेस, मिस एवढेच चौकोन आहेत, वडील वारलेत, आणि काउंटरवरचे म्हणाले की मिस्टर नाहीत तर मिसेस कसं टिक करता. आधी उत्तर सांगतो, मिसेसच. बिनधास्त टिक करा. इंग्रजीत नवरा गेला म्हणून बाईचं मिसेस जात नाही.

घोळ होतो कारण आपण मिसेस म्हणजे सौ. असं धरून बसलोय. सौ. म्हणजे सौभाग्यवती, त्यात नवरा हयात असणं हाच अर्थ, म्हणून तो गेला की लग्नपत्रिकेत लगेच सौ.चं श्रीमती होतं, आणि पूर्वी तर गं. भा. लिहायचे म्हणजे गंगाभागीरथी. 2023 मध्ये सरकारी कागदांवर विधवाऐवजी हा शब्द आणायचं घाटत होतं तेव्हा केवढा विरोध झाला, आणि बरोबरच झाला.

मिसेसमध्ये सौभाग्याचा काही संबंधच नाही. तो मिस्ट्रेसचा शॉर्टफॉर्म, स्पेलिंगमधला तो आर तिथलाच, उच्चार झिजत झिजत मिसिस झाला पण लिहिताना आर राहून गेला. आणि मिस्ट्रेस म्हणजे मुळात मालकीण, घर चालवणारी, हाताखाली माणसं असलेली बाई, शाळेच्या हेडमिस्ट्रेसमध्ये हा अर्थ अजून शाबूत आहे बघा. मास्टरचं हे स्त्रीलिंगी रूप, म्हणजे आपले मास्तर याच घराण्यातले, आणि पोर्तुगीजांकडून आलेला आपला मिस्त्रीसुद्धा, सगळ्यांचं मूळ लॅटिनमध्ये एकच. मिस हा पण मिस्ट्रेसचाच तुकडा. सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये लग्न न झालेल्या प्रतिष्ठित बाईलाही मिसेस म्हणायचे, आणि मोठ्या घरांतल्या हाउसकीपरला तर त्यानंतरही कितीतरी वर्षं, लग्न झालेलं असो नसो, मिसेसच म्हणत. म्हणजे लग्नाचा शिक्का त्यावर नंतर बसलाय.

आता काउंटरवरचे तसं का म्हणाले तेही कळतं. आपल्या मुंबईच्या मराठीत मिस्टर म्हणजे नवरा आणि मिसेस म्हणजे बायको, "आमचे मिस्टर सेकंड शिफ्टला असतात", "मिसेसला विचारून सांगतो", म्हणजे दोन्ही शब्द नावाआधी लागायचे ते सुटे होऊन नाती झाले, जोडी झाली, मग त्यातला एक गेला की दुसरा कसा राहील असं वाटणारच. इंग्रजीत बायकोला गमतीत मिसस म्हणतात, पण नवऱ्याला असं मिस्टर सहसा कुणी म्हणत नाही, ते आपलंच. आणि शाळेत दोन मुलांची आई असलेल्या टीचरला पोरं "मिस, मिस" करतातच की, तिथे कोण लग्न बघतं.

पुढच्या एखाद्या फॉर्मवर मिझ (Ms) असा चौथा चौकोन असेल तर तोही चालेल, त्यात लग्नाचा प्रश्नच येत नाही. 1901 मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या एका पेपरात तो सुचवला गेला होता पण रुळला 1970 नंतर. तुमच्या फॉर्मवर तो नाहीये, म्हणून मिसेस. आईंना श्रीमती हवं असेल आणि मराठी फॉर्म मिळत असेल तर तेही बरोबरच आहे, फक्त ते त्यांना विचारून ठरवा, काउंटरवरच्यांना नाही.