निळी गोळी, मेसचा डबा आणि जिमची पावडर

मुलगी 13 वर्षांची. सारखी दमते, हिमोग्लोबिन 9.8 आलंय. शाळेत आठवड्याला निळी गोळी देतात, पण मळमळतं म्हणून ती टाकून देते. गूळ-शेंगदाणे चालू केलेत. पुरेल का? – एक आई, जिंतूर

नाही पुरणार, ताई. या वयात 12 तरी हवं. गूळ-शेंगदाणे जरूर द्या, पण त्यांच्या भरवशावर 9.8 चे 12 होत नाहीत. शाळेतली निळी गोळी लोहाची, ती रक्त कमी होऊ नये म्हणून असते; कमी झालेलं भरून काढायला रोज गोळी लागते, साधारण 3 महिने. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती फुकट मिळते. रिपोर्ट घेऊन जा, डोस डॉक्टर ठरवतील. रात्री जेवण झाल्यावर तासाभराने दिली की मळमळ बरीचशी झोपेत निघून जाते. शौचाला काळी होईल, हे तिला आधीच सांगा; त्या भीतीनेही मुली गोळी सोडतात.

आणि चहा! आपल्याकडे जेवणावर चहा, चहावर चहा. जेवणातलं लोह चहामुळे अंगी लागत नाही, म्हणून मध्ये तासभर जाऊ द्या. करडईच्या, तांदुळज्याच्या भाजीवर लिंबू पिळा. पाळीत जास्त जातं का, हे तुम्हीच विचारा. मुली आपणहून बोलत नाहीत. फेब्रुवारी-ऑगस्टमधली जंताची गोळी चुकवू नका. महिन्याने पुन्हा तपासा. एक ग्रॅमनेही वाढलं नाही, तर कारण दुसरं आहे. मोठ्या दवाखान्यात दाखवा.

मुलगा लातूरला अकरावीत. मेसचं जेवण, पाच तास झोप, रात्रभर चहा-बिस्किटं. दिवाळीला आला तर पोट सुटलेलं. अभ्यासाचं वर्ष, बोलावं तरी काय? – एक वडील, सेनगाव

बोला, दादा. या वयाला 8 ते 10 तास झोप लागते आणि दिवसा वाचलेलं डोक्यात पक्कं होतं ते झोपेतच. रात्री दोनपर्यंत जागणाऱ्याचं कौतुक आपण पालकच करतो, मग पोरंही जागण्यालाच अभ्यास समजतात. क्लासला रिक्षाऐवजी सायकलने जाऊ दे. दिवसाला तासभर अंग हललं पाहिजे, त्यातला बराच वेळ तिथेच निघेल. एसटीने डबा पाठवत असाल तर चिवडा-शंकरपाळ्यांऐवजी फुटाणे, भाजके शेंगदाणे, धपाटे पाठवा. मेसला अंडी मिळत असतील तर रोज दोन सांगा. टेस्टमध्ये किती पडले, हे विचारायच्या आधी किती वाजता झोपलास ते विचारा.

मी 16 वर्षांचा आहे. जिममधले दादा प्रोटीन पावडरचा डबा घ्यायला सांगतात. घरचे म्हणतात, वजन उचललं की उंची खुंटते. – अंबाजोगाई

कुणी नीट शिकवणारं समोर असेल आणि वजन हळूहळू वाढवत नेलंस, तर उंची खुंटत नाही. पावडरचं म्हणशील तर हिशोब कर. तुझ्या वयाला दिवसाला साधारण 55 ग्रॅम प्रथिनं लागतात. ज्वारीच्या तीन भाकरींत 20 च्या आसपास, मूठभर शेंगदाण्यांत 7, वाटीभर मटकीत तितकीच, पेलाभर दुधात 6. झाले 40. वर 50 ग्रॅम सोयाबीन वड्या खाल्ल्यास तर आणखी 25. आपल्या शिवारात सोयाबीन पिकवायचं, विकायचं आणि डबा मात्र हजारोंचा आणायचा, हे मला पटत नाही. जिममध्ये अंग फुगवायच्या इंजेक्शनची भाषा निघाली तर त्या दिवशीच जिम बदल.

चार वर्षांचा नातू मोबाईलशिवाय घास घेत नाही. – एक आजी, कळंब

आजी, चार दिवस तो रडेल, कमी खाईल. खाऊ द्या कमी. मधल्या वेळचं बिस्किट बंद करा, भूक लागू द्या, ताटात अर्धी भाकरी चुरून दुधात किंवा वरणात द्या आणि त्याचं त्याला खाऊ द्या. सांडलं तर सांडलं. जेवताना घरातल्या सगळ्यांचेच मोबाईल लांब ठेवा, नाहीतर तो तुमचा मागेल. वजन दर महिन्याला अंगणवाडीत बघून घ्या.