वाढदिवसाची आगगाडी, घरच्या हॉलमध्ये

लहान मुलांचा वाढदिवस घरच्या घरी, एखादी थीम घेऊन कसा करावा, अशी बरीच पत्रं या महिन्यात आली. त्यांतल्या निम्म्याहून अधिक घरांत आगगाडीचंच वेड दिसतंय, म्हणून यंदाचं सदर आगगाडीलाच दिलं आहे.

प्रश्न : मुलगा पाच वर्षांचा होतोय. डेकोरेशनवाल्याने भिंतीवर इंजिनाचा फ्लेक्स आणि फुग्यांची कमान असं पॅकेज सांगितलं. आम्हाला सगळं घरीच करायचंय. सुरुवात कुठून करावी? (डोंबिवली)

भिंतीपासून करू नका. पाच वर्षांचं मूल कमानीकडे दोन मिनिटं बघतं आणि तिसऱ्या मिनिटाला खालचा फुगा ओढतं. कमान मोठ्यांच्या फोटोंसाठी असते. मुलांना गाडीत बसायचं असतं, तिकीट दाखवायचं असतं, झेंडी हलवायची असते. म्हणून आधी हातात येणाऱ्या वस्तू करा. वेळ उरला तर भिंत.

आमंत्रण म्हणजेच तिकीट. जुनं पुठ्ठ्याचं रेल्वे तिकीट साधारण ५.७ सेंमी लांब आणि ३ सेंमी रुंद असायचं. त्यावर पत्ता मावणार नाही, तेव्हा दुप्पट माप घ्या. ‘कुठून : तुमचं घर, कुठपर्यंत : आमचं घर’, फलाट क्रमांक म्हणून फ्लॅटचा नंबर, सुटण्याची वेळ ५ आणि पोचण्याची ७. परतीची वेळ छापलेली असली की पालक वेळेवर न्यायला येतात. या वयाला दोन तास पुरतात, त्यापुढे रडारड सुरू होते.

दारात एका काकांनी किंवा मामांनी टीसी व्हावं आणि फाइलच्या पंचने तिकिटाला भोक पाडावं. निम्मी मुलं तिकीट घरी विसरतात आणि बाकीच्यांची पंच होताना बघून दारातच हिरमुसतात. दहा कोरी तिकिटं टीसीच्या खिशात असू द्या.

स्टेशनच्या पाटीला पिवळा चार्ट पेपर आणि काळा जाड मार्कर एवढंच लागतं. मुलाच्या नावापुढे ‘रोड’, ‘जंक्शन’ किंवा ‘बुद्रुक’ जोडा. खऱ्या पाटीवर तळाशी समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, तिथे तुमचा मजला लिहा. पाटी मास्किंग टेपने लावा. सेलोटेप निघताना भिंतीचा रंग घेऊन निघते.

प्रश्न : खोक्यांची गाडी करायची आहे. मागे एका घरी पाहिली होती. रंग लावल्यावर खोकी वाकडी झाली आणि पहिला मुलगा अडखळला तशी सगळी रांग पडली. काय चुकलं असेल? (नाशिक)

दोन्ही गोष्टींची कारणं वेगवेगळी आहेत.

खोकं वाकलं ते पाण्यामुळे. पन्हाळीच्या पुठ्ठ्याला एकाच बाजूने पातळ पोस्टर कलर लावला की ती बाजू ओली होऊन फुगते, वाळताना आखडते आणि पुठ्ठा कमानीसारखा वळतो. रंगच द्यायचा असेल तर घट्ट द्या आणि आतूनही एक हात मारा. पण त्यापेक्षा घोटीव कागद चिकटवणं सोपं. फेविकॉल पाणी न घालता, फक्त कडांना आणि मध्ये दोन पट्ट्यांत लावा. सगळीकडे थापलात तर कागदालाही सुरकुत्या पडतात. निळा कागद घेतला की नेहमीच्या एक्स्प्रेसचा डबा होतो. हल्लीची मुलं पांढरी-निळी वंदे भारत मागतील, तर पांढऱ्यावर निळा पट्टा आणि काळ्या खिडक्या.

वाण्याकडे वेफर्सची किंवा बिस्किटांची खोकी मिळतात. मुलाच्या अंगाभोवती सगळीकडून चार बोटं जागा राहील एवढं रुंद खोकं निवडा. वरचे आणि खालचे पाखे कापून टाका, उंची २५ सेंमीच ठेवा. उंच खोकं मांडीला अडकतं आणि मूल पाऊलच टाकू शकत नाही. पुठ्ठ्याच्या आतल्या पन्हाळी उभ्या येतील असं खोकं धरा. आडव्या आल्या तर खोकं मधोमध दुमडतं.

खांद्यावर अडकवायला पायजम्याच्या नाडीचे दोन तुकडे, प्रत्येकी पाऊण मीटर. भोकं वरच्या कडेपासून ४ सेंमी खाली पाडा आणि आतून-बाहेरून चिकटपट्टीचा चौकोन लावून मगच पाडा, नाहीतर पहिल्याच फेरीत नाडी पुठ्ठा फाडून बाहेर येते. नाडी पाठीवर फुलीसारखी ओलांडून घ्या म्हणजे खांद्यावरून घसरत नाही. गाठी आतल्या बाजूला ठेवा, आयत्या वेळी कमी-जास्त करता येतात.

रांग पडली कारण डबे एकमेकांना बांधलेले असणार. डबे बांधायचे नाहीत. एक सुती दोर घ्या, दर ७० सेंमीवर एक गाठ मारा आणि प्रत्येक मुलाने एका हाताने एक गाठ धरायची. कुणी अडखळलं की हात सुटतो आणि बाकीची गाडी उभी राहते. दोराचं पुढचं टोक मोठ्या माणसाच्या हातात असावं. ते पाच वर्षांच्या इंजिनाकडे दिलं की गाडी धावायलाच लागते.

बारा मुलांना बारा डबे करू नका. सहा पुरतात. सहाजण गाडीत, सहाजण फलाटावर झेंड्या घेऊन, मग अदलाबदल. सगळे एकाच वेळी डब्यात शिरले तर हॉलमध्ये वळायला जागा उरत नाही.

प्रश्न : ओव्हन नाही, अंडंही चालत नाही. मागच्या वर्षी केक मध्येच बसला आणि पिशवीतलं क्रीम फेटून फेटून पातळच राहिलं. आगगाडीचा केक जमेल का? (कोल्हापूर)

जमेल, आणि गोल केकपेक्षा सोपा पडेल.

दीड कप मैदा (साधारण १९० ग्रॅम), सव्वा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा खायचा सोडा दोनदा चाळा. चमचा मापाचा, चहाचा. दुसऱ्या भांड्यात एक कप घट्ट ताजं दही, पाऊण कप पिठीसाखर, अर्धा कप वास नसलेलं तेल आणि एक चमचा व्हॅनिला इसेन्स फेटा. दही फ्रिजमधून तासभर आधी काढलेलं हवं. मग कोरडं ओल्यात मिसळा, कोरडेपणा गेला की हात थांबवा. दही आणि सोडा भेटल्याक्षणी बुडबुडे सुरू होतात, म्हणून मिश्रण तयार होण्याआधी भांडं तापलेलं असलं पाहिजे. मिश्रण ओट्यावर ठेवून मग स्टँड शोधायला गेलात तर तोवर बुडबुडे विरतात.

१८ सेंमीचा चौकोनी टिन घ्या. त्याचा कर्ण २५ सेंमीच्या पुढे जातो, पाच लिटरच्या कुकरमध्ये तो उतरत नाही. २८ सेंमी किंवा त्याहून रुंद, जाड बुडाचं पातेलं, तळाशी मीठ, मिठावर स्टँड, वर घट्ट झाकण. दहा मिनिटं मध्यम आचेवर तापवा, मग टिन ठेवून मंद आचेवर ४५ ते ५० मिनिटं. पहिली ३५ मिनिटं झाकण उघडायचं नाही. केक मध्ये बसतो तो बहुधा याचमुळे, किंवा आच मोठी असल्याने कडा भाजून मधला भाग कच्चा राहिल्यामुळे. सोडा ‘थोडा जास्तच’ घातला तरी हेच होतं, वर साबणासारखी चव येते ती वेगळीच. सुरी मधोमध खुपसून बघा, कोरडी निघाली की झालं.

केक आदल्या दिवशी करा, पूर्ण थंड झाल्यावर गुंडाळून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी कापा. ताज्या केकचा कापताना भुगा होतो. चौकोनाचे ६ सेंमी रुंदीचे तीन पट्टे आणि प्रत्येकाचे मधून दोन तुकडे केले की ९ बाय ६ च्या सहा विटा मिळतात. चार डबे, एक इंजिन, सहाव्या विटेचा अर्धा भाग इंजिनाच्या मागच्या टोकावर चढवला की ड्रायव्हरची केबिन. उरलेला अर्धा करणाऱ्याचा.

क्रीमचं म्हणाल तर दुकानात ‘फ्रेश क्रीम’ म्हणून मिळणाऱ्या नेहमीच्या पुड्यात साधारण २५ टक्के स्निग्धांश असतो. ते कितीही फेटलं तरी उभं राहत नाही. चुकी तुमच्या हाताची नव्हती. पण तेच क्रीम चॉकलेटसाठी उत्तम. २०० ग्रॅम डार्क कंपाउंड चॉकलेट बारीक चिरा, १०० मिलि क्रीम कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवून त्यावर ओता, दोन मिनिटं थांबा, मग ढवळा. क्रीमला उकळी फुटू दिलीत तर चॉकलेट तेल सोडतं. अर्ध्या तासात ते लोण्यासारखं होतं. आधी पातळ हात द्या, म्हणजे भुगा चिकटून बसेल. पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून दुसरा जाड हात.

चाकं म्हणजे छोटी गोल क्रीमची बिस्किटं. समोरच्या बाजूला प्रत्येक डब्याला दोन, एकूण दहा. ती केक कापण्याच्या अर्धा तास आधीच लावा, सकाळी लावली तर संध्याकाळी मऊ पडून गळतात. टूथपिकने टोचू नका, एखादी केकमध्ये राहून जाते. इंजिन आणि चार डबे मिळून पाच, तेव्हा प्रत्येकावर एक मेणबत्ती. धूर म्हणून कापूस मात्र अजिबात नको. मेणबत्तीची ज्योत लागली की कापूस भपकन पेटतो. फेसाचे स्प्रे आणि गॅसचे फुगेही मेणबत्ती विझेपर्यंत खोलीत नकोत. स्प्रेमधला वायू पेट घेतो, आणि रस्त्यावर हेलियम म्हणून मिळणाऱ्या फुग्यात हायड्रोजन असू शकतो.

प्रश्न : वन बीएचकेमध्ये बारा मुलं. संगीत खुर्ची ठेवली की बाद झालेली मुलं रडतात. दुसरं काय खेळवायचं? (ठाणे)

बाद करणारे खेळ या वयाला नकोतच. टीपॉय आणि गालिचा बेडरूममध्ये टाका आणि जमिनीवर मास्किंग टेपचे रूळ काढा : दोन रेघांत ३० सेंमी अंतर, दर २० सेंमीवर ४० सेंमीचा स्लीपर. वीस मीटरच्या रिळात जेमतेम पाच मीटर रूळ होतात, दोन रिळं आणा. टेप त्याच रात्री काढा, दोन दिवसांनी फरशीवर डिंक उरतो.

हिरवी झेंडी दाखवली की चालायचं, लाल दाखवली की पुतळा. हललेल्याने बाहेर जायचं नाही, ‘इंजिन तापलं’ म्हणत जागेवर तीन उड्या मारायच्या. थोड्या वेळाने मुलं मुद्दाम हलायला लागतात. चार खुर्च्यांवर चादर टाकली की बोगदा, पण त्याची दोन्ही टोकं उघडी हवीत आणि आत एका वेळी दोघंच. गट पाडायचे तर १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला निघालेल्या पहिल्या गाडीच्या तीन इंजिनांची नावं द्या : साहिब, सिंध, सुलतान. ठाण्यात राहून एवढं तर केलंच पाहिजे.

दमवणाऱ्या खेळानंतर लगेच केक, मग खाणं. केकनंतर पुन्हा पळापळ ठेवलीत तर कुणीतरी ओकतं.

प्रश्न : बारा मुलं आणि पंधरा मोठी माणसं. खायला काय आणि किती? (पुणे)

खाणंही स्टेशनवर ठेवा. टेबलाच्या कडेला छोट्या पिवळ्या पाट्या : कर्जतला वडा, लोणावळ्याला चिक्की, जळगावला केळी, नागपूरला संत्री, घोलवडला चिकू. असा मार्ग कुठेच नाही, हे दाखवून देणारा एक काका प्रत्येक घरात असतो. त्याला टीसी करा.

एक किलो बटाट्यांत लहान आकाराचे साधारण वीस वडे होतात. मुलांमागे दीड, मोठ्यांमागे तीन धरले तर तीन किलो बटाटे आणि पाऊण किलो बेसन. मिरची-आलं घालण्याआधी एक किलो सारण बाजूला काढा आणि मुलांचे वडे आधी तळा, तिखट तळणीनंतर नाही. कोकम सरबत माणशी दीडशे मिलिचे दोन कप धरून आठ ते साडेआठ लिटर. कप अर्धाच भरा, सोफ्यावरचा कोकमाचा डाग सहजी जात नाही.

शेंगदाण्याची कडक चिक्की मोठ्यांसाठी. मुलांना राजगिऱ्याची वडी द्या. चार वर्षांखालचं भावंड येणार असेल तर अख्खे दाणे, पॉपकॉर्न, अख्खी द्राक्षं टेबलावर नकोत, घशात अडकतात. फुटलेल्या फुग्याचे तुकडेही तसेच धोक्याचे, लगेच उचला. आमंत्रण देताना ‘कशाची अ‍ॅलर्जी?’ हे विचाराच. आपल्याकडे शेंगदाणा वड्याच्या लसूण चटणीत असतो आणि तळणीच्या तेलातही.

प्रश्न : सासूबाईंना मेणबत्ती विझवणं पटत नाही, औक्षण हवं आहे. मुलाला गार्डचे कपडे घालायचे आहेत. मेळ कसा घालू? (सातारा)

औक्षण पाहुणे येण्याआधी करा. पाट, निरांजन, नवे कपडे, सगळं निवांत होतं आणि मूल तोवर चिडलेलं नसतं. शिवाय नवी गाडी सुटताना रेल्वेतही हार घालून नारळ फोडतातच. इंजिनाच्या खोक्याला हळद-कुंकू लावायचं काम आजींकडे द्या. मग कपडे बदलून गार्ड. मेणबत्त्या विझवण्याऐवजी मुलाने हिरवी झेंडी दाखवून केक ‘सोडला’ तरी चालतं, मुलांना फुंकण्याइतकीच मजा येते.

प्रश्न : जाताना मुलांना शिट्ट्या द्याव्यात का? (मडगाव)

शेजाऱ्यांशी आणि इतर आयांशी संबंध टिकवायचे असतील तर नको. शिवाय स्वस्त शिट्टीतली गोळी सुटून तोंडात जाते. लाल आणि हिरवी अशी झेंड्यांची जोडी द्या : २० बाय १५ सेंमीचं सुती कापड आणि ३० सेंमीची कागदाची घट्ट सुरळी, बांबूची काडी नको. शिंप्याकडच्या चिंध्यांतून बारा जोड्या सहज निघतात.